एकच शिदोरी

बनशंकरी म्हटले की आमच्या पुष्कळ वाचकांच्या डोळ्यांपुढे बदामीचे देऊळ उभे राहील. कितीतरी मराठी घराण्यांची ती कुलदेवता. पौषातल्या शाकंभरी पौर्णिमेच्या सुमारास तेथे मोठी यात्रा भरते आणि आमच्या सांगलीकडूनही माणसे तिला जातात. आम्ही मात्र बदलीच्या हुकुमाने ज्या बनशंकरीत येऊन पडलो ती बंगळूरच्या दक्षिणेची वस्ती. कनकपुरा रस्त्यावर तिचेही एक देऊळ आहे, आणि तेथली एक रीत पहिल्या दिवसापासून आमच्या मनात घर करून राहिली आहे. मंगळवारी, शुक्रवारी आणि रविवारी, नेमक्या राहुकाळात, बायका लिंबाची अर्धी साल उलटी करून तिच्यात वात पेटवितात. पंचांगाने जी वेळ शुभकार्याला वर्ज्य ठरविली, तीच येथे मुद्दाम निवडलेली. सोपी वेळ हाताशी असता अवघड वेळ पत्करण्याची ही ओढ मनुष्याला कोठून लागते, हा प्रश्न आम्ही देवळाच्या पायरीवर बसून कधीकाळी सोडविला असता. प्रत्यक्षात तो आमच्यापुढे आला एका खेळाच्या निमित्ताने, आणि तोही अशा खेळाच्या, की ज्याचे नाव या मासिकाच्या पानावर घेताना आमची लेखणी थोडी अडखळते.

आमची कचेरी कोरमंगलच्या बाजूला. सकाळी बनशंकरीच्या बसस्थानकातून निघालेली बस जयनगर ओलांडून डेअरी सर्कलपर्यंत पोचते, तोवर शेजारच्या प्रवाशाचे चरित्र पहिल्या नोकरीपर्यंत ऐकून होते. २०१७ साली मेट्रोची हिरवी मार्गिका बनशंकरीवरून धावू लागली, पण तिची दिशा वेगळी आणि आमची वेगळी. संध्याकाळी देवेगौडा पेट्रोल बंकाच्या चौकात वाहने अशी दाटतात, की काठी टेकीत चाललेले आजोबा नव्या मोटारीला मागे टाकून जातात आणि मोटारवाल्याला त्याचे वैषम्यही वाटत नाही. अशा गावचे आम्ही रहिवासी; दिवसभर टिपणे आणि टिपणांवरची टिपणे लिहिणारे; वय पस्तिशीच्या घरात, पदवी तत्त्वज्ञानाची. तेच आम्ही गेले काही महिने रात्री आठच्या पुढे ताशी हजार किलोमीटरहून अधिक वेगाने यान हाकीत आहोत.

याचे असे झाले. आमच्या घरमालकांचा थोरला मुलगा अमेरिकेत असतो. जून २०२५ मध्ये निन्टेंडो या जपानी कंपनीचे स्विच २ नावाचे खेळयंत्र तिकडे बाजारात आले, ते त्याने धाकट्या भावासाठी आणून दिले. धाकटा अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. एका संध्याकाळी भाड्याचे पैसे द्यायला वर गेलो असता तो म्हणाला, "अंकल, एक रेस?" मुलाचे मन मोडू नये म्हणून आम्ही बसलो. वडीलधारी माणसे आपल्या पुष्कळ व्यसनांचा प्रारंभ असाच सांगतात, हे आम्हांला ठाऊक आहे.

खेळाचे नाव एफ-झीरो जीएक्स. या कुळातला पहिला खेळ नोव्हेंबर १९९० मध्ये जपानात निघाला. काळ सव्विसाव्या शतकाचा. यानांना चाके नाहीत, ती रस्त्यावर अधांतरी तरंगत जातात. त्या वेळी निवडायला याने चारच होती आणि रस्ता म्हणजे सपाट चित्र फिरवून व कलवून केलेला दृष्टिभ्रम होता. परंतु नियम कडक होता. पाच फेऱ्या, आणि पहिल्या फेरीअखेर पंधराव्या, मग दहाव्या, सातव्या, पाचव्या व शेवटी तिसऱ्या क्रमांकाच्या आत नसाल तर बाहेर. पुढे १९९५ साली लिव्हरपूलच्या सिग्नोसिस कंपनीने वाइपआउट हा त्याच जातीचा खेळ काढला. १९९८ च्या एफ-झीरो एक्समध्ये एका वेळी तीस याने धावू लागली. २००३ साली जीएक्स आला तो सेगा कंपनीच्या कारागिरांनी घडविलेला. याच सेगाशी निन्टेंडोचे अनेक वर्षे हाडवैर होते. २००१ साली सेगाने स्वतःची खेळयंत्रे करणे सोडले आणि दोनच वर्षांत पूर्वीच्या प्रतिस्पर्ध्यासाठी हा खेळ तयार केला. अवघडपणाबद्दल त्याची ख्याती अशी, की वीस वर्षांनंतरही खेळणारे त्याचा उल्लेख एखाद्या खडूस पण आदरणीय मास्तरांसारखा करतात.

पहिल्या रात्री आम्ही किती वेळा दरीत पडलो ते मोजले नाही. रस्ता कधी नळीच्या आत शिरतो, कधी नळीच्या बाहेरच्या अंगावरून जातो, कधी कडेचा कठडाच नाहीसा होतो. वळण दिसले म्हणून यान वळवावे, तर तोपर्यंत ते मागे पडलेले असते. डोळा पाहतो, बुद्धी ठरविते, हात करतो, अशी जी पायरी-पायरीची व्यवस्था आम्ही महाविद्यालयात मानसशास्त्राच्या तासाला शिकलो, ती येथे निरुपयोगी. हात पुढे आणि बुद्धी मागून धापा टाकीत. मुलगा शेजारी बसून शांतपणे म्हणे, "समोर पाहू नका अंकल, लांब पाहा." या उपदेशात थोर अर्थ आहे असे आम्हांला तेव्हा वाटले. आता वाटते की तो फक्त यान हाकण्याविषयी होता, आणि तेवढ्यासाठी तो पुरेसा आहे.

या खेळातल्या दोन गोष्टी आमच्या मनात विशेष रुतल्या. शर्यत सुरू होण्यापूर्वी पडद्यावर एक पट्टी येते. तिच्या एका टोकाला चटकन वेग घेण्याचे सामर्थ्य, दुसऱ्या टोकाला कमाल वेग. दोन्ही एकदम मिळत नाहीत. काटा कोठे ठेवायचा ते आधी ठरवायचे आणि मग शर्यत संपेपर्यंत त्या निवडीला जन्म द्यायचा. दुसरी गोष्ट याहून खोल आहे. प्रत्येक यानाला शक्तीचा एक साठा असतो. भिंतीला घासलात, दुसऱ्याने धडक दिली, की तो उणा होतो; संपला की यान फुटते. मुख्य स्पर्धेत पहिली फेरी झाली की मुले ज्याला बूस्ट म्हणतात तो वेगाचा झटका आपल्या हाती येतो, आणि तो घ्यायचा त्याच साठ्यातून. प्राण आणि वेग यांची शिदोरी एकच. रस्त्यात एका ठिकाणी चकाकणारा पट्टा असतो, त्यावरून गेले की थोडी भरपाई होते. पण तो पट्टा गाठेपर्यंत किती उधळायचे, हे ज्याचे त्याने पाहायचे. जपून चालणारा सुखरूप पोचतो आणि विसावा येतो. जिंकणारा शेवटच्या वळणावर रिकाम्या साठ्यानिशी असतो. तेथे कठड्याला नुसता खांदा लागला तरी खेळ संपला. आम्ही सरकारी माणसे स्वभावतःच पहिल्या वर्गातली. बरेच दिवस आम्ही सुखरूप विसावे येत होतो.

ही एवढी यातायात कशासाठी? कॅनडात शिकविणारे बर्नार्ड सूट्स नावाचे एक तत्त्वज्ञ होते. त्यांनी १९७८ साली टोळाच्या गोष्टीवरून नाव घेतलेले एक पुस्तक लिहिले, आणि त्यात खेळाची व्याख्या अशा अर्थाची केली की, नसली तरी चालेल अशी अडचण आपखुशीने पत्करून ती ओलांडण्याचा यत्न म्हणजे खेळ. गोल्फचा चेंडू भोकात टाकणे एवढाच हेतू असता तर माणूस चालत जाऊन हाताने टाकता. आम्हांला गोल्फची माहिती नाही, परंतु लंगडीची आहे. धडधाकट दोन पाय असलेले पोर एक पाय गुडघ्यात मुडपते आणि चौकोनात इतरांना पकडायला निघते. दुसरा पाय टेकला तर काम कितीतरी सोपे होईल. पण टेकला की ती लंगडी उरत नाही, आणि हे पाच वर्षांच्या पोराला कोणी समजावून द्यावे लागत नाही. दोन पाय असलेल्याने एक उचलण्यात जी मौज आहे, तीच राहुकाळात दिवा लावण्यात असेल असे म्हणून आम्ही भाविकांचा रोष ओढवून घेणार नाही. मात्र दोन्हींत एक नाते आहे असे आम्हांला वाटत राहते.

येथवर प्रश्न सोपा होता. अडचण पत्करण्यात आनंद असतो म्हणून मनुष्य अडचण पत्करतो, असे म्हणून हात झाडता आले असते. पण मग खऱ्या अडचणी तो का टाळतो? आमच्या खात्यात वरच्या जागेसाठी विभागीय परीक्षा असते. तीन वर्षांमागे आम्ही तिला बसलो आणि थोडक्यात राहिलो. का राहिलो ते कळले नाही. जो पेपर उत्तम गेला असे वाटले त्यात गुण कमी, आणि ज्यात लेखणी अडली त्यात भरपूर. त्या वर्षी जागा किती निघणार हेही शेवटपर्यंत कोणी सांगू शकले नाही. त्यानंतर आम्ही अर्ज भरलेला नाही. विचारणाऱ्याला आम्ही कामाचा व्याप सांगतो, पुढे ज्येष्ठतेने बढती मिळणारच आहे असे सांगतो. आणि ही दोन्ही कारणे खोटी नाहीत. परंतु याच माणसाने जीएक्सच्या कथाभागातले दुसरे प्रकरण पार करण्यासाठी चाळीस रात्री घातल्या. त्यात गोरो नावाच्या प्रतिस्पर्ध्याशी लाल खडकांच्या दरीतून शर्यत आहे, वरून धोंडे कोसळतात. चहा निवण्याच्या आत संपणारी शर्यत. तिच्यासाठी चाळीस रात्री! चिकाटी आमच्या अंगी नाही असे आता कसे म्हणावे? ती आहे, आणि ती आम्ही कोठे खर्चिली हे पुराव्यानिशी दाखविता येते.

पुष्कळ विचारांती आमचे मत असे झाले की, या खेळाचे आकर्षण वेगात नाही. वेग हे त्याचे रूप आहे. माणूस गुंततो तो त्याच्या न्यायाला. धोंडा काल जेथे पडला तेथेच आज पडतो. काल जे वळण अंमळ उशिरा घेतले म्हणून दरीत गेलो, ते आज वेळेवर घेतले तर पार होते. पराभव होतो, आणि तो का झाला ते त्याच क्षणी दिसते. त्यात वशिला नाही, जागांची संख्या नाही, साहेबांची मर्जी नाही. अपयशाचा असा स्वच्छ हिशोब आयुष्यात दुसरीकडे कोठे मिळतो? खेळ जितका कडक तितका तो आपल्याला मोठा मान देतो. तो म्हणतो की चूक तुझी आहे, म्हणजेच ती दुरुस्त करणेही तुझ्या हाती आहे. कचेरीतून घरी आलेल्या मनुष्याला हे ऐकून जे बरे वाटते ते ज्याने अनुभवले त्यालाच कळेल. आमच्या वाचकांपैकी कोणी बुद्धिबळाच्या कोड्यांत, कोणी ब्रिजच्या डावात, कोणी शब्दकोड्यांत हेच शोधीत असतील.

येथे कोणी द्यूताचा दाखला देईल. युधिष्ठिराला गेलेले सर्व परत मिळाले असता तो पुन्हा बोलावण्यावरून फिरला आणि अनुद्यूताला बसला. "पुन्हा एकदा" या शब्दांचा मोह किती जुना आहे ते यावरून दिसते. पण फासे दान टाकतात. हार समजत नाही म्हणून जुगारी पुन्हा बसतो. आम्ही पुन्हा बसतो ते हार समजते म्हणून. आपल्या कायद्यानेही नशिबाचा आणि कौशल्याचा खेळ हा भेद दीर्घकाळ मानला. १९९६ साली सर्वोच्च न्यायालयाने घोड्यांच्या शर्यतीला कौशल्याच्या बाजूला बसविले. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने संगणकजालावरील खेळांचा जो कायदा केला, त्याने मात्र पैसे लावून खेळावयाचे खेळ, कौशल्याचे असोत की नशिबाचे, सरसकट बंद केले, आणि पैशाची पैज नसलेल्या खेळांना मोकळीक दिली. या भेदाप्रमाणे आम्ही निर्दोष ठरतो. आम्ही एक पैसाही लावलेला नाही.

शर्यतीत दुसऱ्या कोणाला इजा होते काय, ही आणखी एक कसोटी. लहानपणी आमच्या गावच्या जत्रेत बैलगाड्यांच्या शर्यती पाहिल्या. धुरळ्यात गाडी दिसेनाशी व्हायची आणि लोकांचा जल्लोष तेवढा ऐकू यायचा. गाडीवान बैलांची शेपटी पिरगाळी, कोणी टोचणीही वापरी, ते थोडे मोठे झाल्यावर दिसू लागले. ७ मे २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने या शर्यती थांबविल्या. महाराष्ट्राने २०१७ साली कायद्यात दुरुस्ती केली. डिसेंबर २०२१ मध्ये सशर्त परवानगी मिळाली आणि १८ मे २०२३ रोजी घटनापीठाने ती दुरुस्ती, तमिळनाडूच्या जल्लिकट्टूच्या व कर्नाटकाच्या कंबळाच्या कायद्यांबरोबर, वैध ठरविली. आमचे घरमालक मंगळूरकडचे, कंबळाचे अभिमानी; त्यांच्याशी या विषयावर वाद घालण्याचे आम्ही टाळतो. सांगावयाचे एवढेच की तेथे वेगाची किंमत एक मुका प्राणी मोजतो. पडद्यावरच्या यानाला शेपूट नाही आणि वेदनाही नाही. म्हणजे याही कसोटीला आम्ही उतरलो.

कायद्याने निर्दोष, करुणेच्या कसोटीने निर्दोष. इतके निर्दोष झालो की मनाला स्वस्थता यायला हवी होती.

आमचे बिऱ्हाड दुहेरी आहे. पत्नी सांगलीला शाळेत शिकविते, मुलगी तिच्याजवळ. बदली झालेल्या वाचकांना याहून अधिक सांगण्याचे कारण नाही. रोज रात्री नऊला मुलगी फोन करते. शाळेत काय झाले, डब्यात काय होते, कोणाशी कट्टी, इतका वृत्तांत झाला की तिला झोप येते. तो फोन बहुधा पंधरा मिनिटांचा असतो, आणि आम्ही आठ ते नऊ एवढाच वेळ वर जाऊन खेळत असू. नियम आमचाच होता आणि तो आम्ही पाळीतही होतो. चाळिसाव्या रात्री नवाला पाच मिनिटे असता गोरो आमच्या पुढे जेमतेम एका यानाच्या अंतराने गेला. इतक्या जवळ आम्ही कधीच आलो नव्हतो, आणि कोठे चुकलो ते लख्ख दिसले होते. पुन्हा एकदा, असे आम्ही म्हणालो. फोन खिशात थरथरला तेव्हा आम्ही दरीच्या मध्यावर होतो. पुन्हा थरथरला तेव्हा पुढच्या प्रयत्नाचे पहिले वळण घेत होतो. आम्हांला तो कळला नाही असे लिहिणे सोपे आहे. तो कळला होता.

त्या रात्री आम्ही जिंकलो. साठा रिकामा होता, शेवटच्या सरळ रस्त्यावर यान थरथरत होते, आणि गोरो मागे पडला. मुलाने आनंदाने आमच्या पाठीवर थाप मारली. घड्याळात पावणेदहा झाले होते. खाली येऊन फोन लावला तेव्हा पत्नी हळू आवाजात म्हणाली, "आत्ताच झोपली. अर्धा तास फोन हातात धरून बसली होती." तिच्या बोलण्यात राग नव्हता. राग असता तर उत्तर देता आले असते.

पडद्यावर शक्तीचा साठा डोळ्यांसमोर असतो. घासले की तो उणा झालेला दिसतो, त्यामुळे चालविणारा सावध राहतो. आम्ही पैसे लावले नव्हते, बैल जुंपला नव्हता. परंतु कोणती तरी शिदोरी खर्ची पडतच होती. तीही एकच होती: जिच्यातून रात्री फोनवर बोलायचे, जिच्यातून परीक्षेची पुस्तके उघडायची, आणि जिच्यातून गोरोला हरवायचे. खेळाचा न्याय स्वच्छ राहिला तो या दुसऱ्या साठ्याचा हिशोब त्याच्या कक्षेबाहेर ठेवल्यामुळे. यात खेळाचा दोष आहे असे आम्हांला वाटत नाही. त्याने आपली चौकट कधी लपविली नव्हती. तरीही या चाळीस रात्री सर्वस्वी वाया गेल्या असे लिहायला हात वळत नाही. आपण पडतो, का पडलो ते पाहतो आणि पुन्हा उठतो, इतके आपल्या अंगी अद्याप शिल्लक आहे हे आम्हांला तिथेच समजले. कचेरीत ते कळण्याचा संभव नव्हता. हे समाधान म्हणावे की पळवाट, याचा निवाडा आमच्याने होत नाही.

दुसऱ्या दिवशी आम्ही साडेआठलाच फोन लावला. मुलीला आईने सारे सांगितलेले दिसले. तिने शाळेचे काही न सांगता आधी विचारले, "बाबा, जिंकलात का?"

आम्ही हो म्हणालो.

"मग बक्षीस काय मिळालं?"

खेळात बक्षीस म्हणून तिकिटे मिळतात, आणि ती मोजून पुढचे, अधिक अवघड प्रकरण विकत घ्यायचे असते. हे तिला समजेल अशा शब्दांत आम्ही सांगितले. ती थोडा वेळ गप्प राहिली आणि म्हणाली, "म्हणजे परत शर्यतच?" मग तिला हसू आले आणि डब्यातल्या उपम्याची हकीकत सुरू झाली. ती पंधरा मिनिटांऐवजी चाळीस मिनिटे चालली. शेवटी पत्नीने फोन घेतला आणि यंदाच्या परीक्षेच्या अर्जाची मुदत विचारली. महिनाअखेरपर्यंत आहे, असे आम्ही सांगितले. "भरणार आहात?" असे तिने विचारले, तेवढ्यात वरून मुलाची हाक आली. फोन कानाशी धरूनच आम्ही जिन्याच्या दारापर्यंत गेलो आणि आज येत नाही असे त्याला खुणेने सांगितले. मग टेबलाच्या खणात जुन्या नियमपुस्तकांचा गठ्ठा कोठे ठेवला आहे ते पाहू लागलो.